गंगेत कयाक चालेल का?

नांदेडमध्ये गोदावरीवर एक घाट आहे, त्याचं नाव नावघाट. नावातच नाव! आता तिथे पूल झाला आहे. त्यावरून दिवसभर रिक्षा आणि मोटारसायकली धावतात. होडीत बसून पलीकडे जावं लागत नाही, म्हणून नदीकडे कुणाचं फारसं लक्षही जात नाही. पण घाटानं आपलं नाव काही सोडलेलं नाही.

हे आठवण्याचं कारण म्हणजे आमच्या वर्गात आलेलं एक चित्र. जुन्या कॅलेंडरवरचं होतं. लांबट, दोन्हीकडे निमुळती होत गेलेली होडी, मधल्या भोकात कमरेपर्यंत बसलेला माणूस, आणि हातात एकच वल्हं. पण त्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती. "बाई, दोन्हीकून पातं कामून?" हा पहिला प्रश्न. दुसरा त्याहून अवघड होता, "आपल्या गंगेत चालंल का हे?"

(बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्या भागात गोदावरी हे नाव पुस्तकात. घरात आणि घाटावर ती गंगाच. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडचं नावही याच गंगेवरून!)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. या होडीला कयाक म्हणतात. ग्रीनलंड, उत्तर कॅनडा, अलास्का या बर्फाळ भागातल्या लोकांनी ती बनवली. तिकडे झाडं उगवत नाहीत. समुद्रातून वाहत आलेली लाकडं आणि प्राण्यांची हाडं बांधून ते सांगाडा करायचे. त्यावर सील माशाचं कातडं ताणून शिवायचे. (सील हा खरं तर मासा नाही, आपल्यासारखाच पिलांना दूध पाजणारा प्राणी आहे. पण मराठीत आपण सील मासाच म्हणतो, काय करणार!) शिकारी त्या भोकात बसायचा आणि आवाज न करता सीलच्या जवळ जायचा.

आता पातं दोन्हीकडे का? एखाद्या टबात पाणी घ्या. त्यावर झाकण तरंगत ठेवा आणि चमच्यानं फक्त उजव्या बाजूनं पाणी मागे सारा. झाकण पुढे जाण्याऐवजी डावीकडे वळेल. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे सारलं तर ते साधारण सरळ जाईल. एकट्या माणसानं वल्हं सारखं या बाजूचं त्या बाजूला न्यायचं, त्यापेक्षा दोन्ही टोकांना पाती लावलेली काय वाईट? एक पातं पाण्यात असताना दुसरं हवेत तयारच असतं.

आणखी एक गंमत. शर्यतीच्या दुसऱ्या प्रकारात, ज्याला रोइंग म्हणतात, खेळाडू पाठमोरा बसतो. त्याला जायचं असतं पुढे आणि दिसतं मागचं! कयाकमध्ये मात्र तोंड जायच्या दिशेलाच असतं. समोरचा दगड, वाहत आलेलं झाड, पाण्यातली भोवऱ्याची गोल रेघ हे सगळं बसल्या जागेवरून दिसतं. शिवाय कयाकला पाणी किती लागतं? घोट्याच्या थोडं वर असलं तरी ती तरंगते.

मग आपल्या गंगेत ती का चालू नये?

चालेल. पण रोज नाही, आणि कुठेही नाही. याचं कारण समजायला आपण ज्या नदीकडे पुलावरून बघतो, तिच्या वरच्या अंगाला जावं लागेल.

पायऱ्यापायऱ्यांची नदी

भूगोलाच्या पुस्तकात गोदावरी त्र्यंबकेश्वराहून निघालेली एक निळी रेघ असते, १४६५ किलोमीटर लांब. प्रत्यक्षात मराठवाड्यातली गोदावरी आता रेघेपेक्षा जिन्यासारखी झाली आहे. पैठणला जायकवाडीचं मोठं धरण. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. त्याच्या खाली ढालेगाव, तारुगव्हाण, मुद्गल, डिग्रस, अंतेश्वर असे बंधारे एकामागून एक. मग नांदेडच्या वेशीवर विष्णुपुरी. शहर ओलांडलं की आमदुरा, बळेगाव आणि धर्माबादजवळ बाभळी. प्रत्येक पायरीवर लोखंडी दारं. दारं बंद असली की मागे पाणी तळ्यासारखं निवांत. दारं उघडली की तेच पाणी पुढच्या पायरीकडे धावत सुटतं.

विष्णुपुरीला काळेश्वराचं देऊळ आहे. तुमच्यापैकी पुष्कळ जणांची सहल तिथे गेली असेल. देवळाजवळचं ते रुंद, शांत पाणी म्हणजे अडवलेलं पाणी. नांदेडकर पितात तेही तिथलंच. आणि शहरातल्या नगीनाघाटाजवळ, गोवर्धन घाटाजवळ जे पाणी दिसतं ते विष्णुपुरीच्या दारांच्या खालचं. म्हणजे एकाच शहरात एकाच नदीचे दोन स्वभाव! वरचं पाणी दारामागे थांबलेलं, खालचं दाराच्या मर्जीवर.

आता असा विचार करा. नांदेडात कडक ऊन पडलंय. आठवडाभर पाऊस नाही. घाटाच्या पायऱ्या कोरड्या आहेत. पण तिकडे परभणी-हिंगोलीकडे पूर्णा नदीच्या खोऱ्यात धो-धो पाऊस झाला. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं आहेत. ती भरली की पाणी खाली येतं. पूर्णा नांदेडच्या वरच गोदावरीला मिळते. विष्णुपुरी काही फार मोठं धरण नव्हे. ते लवकर भरतं आणि दारं उघडावी लागतात. आधी भोंगा वाजतो, काठच्या गावांना निरोप जातो. मग ऊन तसंच असतं, आभाळ निळंच असतं, आणि सकाळी कोरड्या असलेल्या पायऱ्या दुपारी पाण्याखाली!

आभाळाकडे बघून नदीचा अंदाज बांधणाऱ्यांची इथेच फसगत होते. मोठ्या माणसांचीसुद्धा.

लंडनच्या थेम्स नदीत कयाक चालवणारे पुष्कळ लोक आहेत. तिथेही पाणी सारखं चढतं-उतरतं. समुद्राच्या भरतीमुळे लंडन ब्रिजपाशी पाण्याची पातळी सात-सात मीटरपर्यंत बदलते, म्हणजे दुमजली घराएवढी! पण भरती चंद्राच्या हिशोबानं येते. पुढच्या वर्षीच्या अमुक तारखेला किती वाजता पाणी चढेल, हे आधीच छापून मिळतं. आपल्या नदीचं असं वेळापत्रक कोण छापणार? पाऊस काही तारीख सांगून येत नाही.

पण थांबा, एका ठिकाणी चक्क तारखा ठरलेल्या आहेत. बाभळीच्या बंधाऱ्यावरून महाराष्ट्र आणि तेव्हाचं आंध्र प्रदेश यांचं भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल लागला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर बाभळीची दारं उघडी ठेवायची, म्हणजे पुराचं पाणी खालच्या श्रीरामसागर धरणात जाईल. त्यानंतर दारं लावायची. आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. ही सोडायची वाटणी आता तेलंगणाकडे जाते. धर्माबादच्या मुलांना त्यामुळे नदीचं वर्ष जवळपास पाठ असतं. कोर्टाच्या तारखेवर चढउतार करणारी नदी! आहे की नाही नवल?

एक क्युसेक म्हणजे किती?

पावसाळ्यात वर्तमानपत्रात वाचता ना, 'विष्णुपुरीतून इतके क्युसेक विसर्ग'? आपण ते वाचतो आणि पान उलटतो. जरा थांबून हिशोब करू.

एक क्युसेक म्हणजे एका सेकंदात एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर. दोन मोठ्या बादल्या धरा. मोठ्या पुरात विष्णुपुरीतून एक लाख क्युसेकहून जास्त पाणी सोडावं लागतं. एक लाख गुणिले २८, म्हणजे सेकंदाला २८ लाख लिटर.

एवढा आकडा डोळ्यांसमोर येत नाही. म्हणून आता नांदेडहून लातूरला जाऊ या.

२०१६ साल लातूरकर विसरणार नाहीत. धनेगावचं मांजरा धरण, ज्यातून शहराला पाणी मिळायचं, ते आटून गेलं होतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली, कारण पाण्यावरून भांडणं होतील अशी भीती होती. मग मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. 'जलदूत' ही गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पहिल्यांदा पोहोचली. दहा वाघिणी होत्या आणि त्यात सुमारे ५ लाख लिटर पाणी. पुढे गाडीला ५० वाघिणी लागल्या, म्हणजे सुमारे २५ लाख लिटर. साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून आलेलं ते पाणी बघायला लोक स्टेशनवर जमले होते. तुमच्या आई-बाबांना विचारा, ते सांगतील.

आता गणित जुळवा. पन्नास वाघिणींची अख्खी जलदूत गाडी म्हणजे २५ लाख लिटर. आणि एक लाख क्युसेकचा पूर म्हणजे सेकंदाला २८ लाख लिटर. म्हणजे त्या पुरात नांदेडच्या पुलाखालून दर सेकंदाला एक जलदूत गाडी जाते, आणि वर थोडं पाणी उरतंच! एक... दोन... तीन... मोजा. तीन गाड्या गेल्या.

अशा पाण्यात चार हात लांबीची होडी घेऊन उतरायचं का? उत्तर मी सांगायला नको.

लातूरच्या मांजरेनं तर दोन्ही टोकं दाखवली. शहर नदीच्या काठावर नाही; नदी काही अंतरावरून, साई आणि नागझरीच्या बंधाऱ्यांवरून जाते. २०१६ च्या उन्हाळ्यात जिथे पात्रात गुरं चरली, तीच मांजरा २०२१ च्या सप्टेंबरअखेर धरणाची दारं उघडल्यावर एवढी फुगली, की काठावर अडकलेल्या माणसांना सोडवायला बोटी आणि हेलिकॉप्टर आणावं लागलं. पाच वर्षांचं अंतर, नदी तीच. हीच मांजरा पुढे बिदरला वळसा घालून ७२४ किलोमीटर चालून तेलंगणात कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. लातूरचं आणि नांदेडचं पाणी शेवटी एकत्रच जातं.

पाणी वाचणारे

कयाक चालवणारा मनुष्य पाण्यात उतरण्याआधी बराच वेळ काठावर उभा राहून नुसता बघत असतो. काय बघतो तो?

पुलाच्या खांबाकडे बघतो. खांबावर कालच्या पाण्याची ओली खूण वर आहे की खाली? खूण वर असेल तर पाणी उतरतंय. खूणच दिसत नसेल आणि पाण्यावरून काड्या, पालापाचोळा, फेस येत असेल तर पाणी चढतंय. चढतं पाणी काठावरचा सगळा कचरा उचलून आणतं. हे ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही. आपले भोई, कोळी हे पिढ्यानपिढ्या ओळखत आले.

मग तो खांबाच्या मागे बघतो. प्रवाह खांबावर आपटून दोन्हीकडून निघून जातो आणि खांबाच्या मागे एक शांत जागा तयार होते. तिथलं पाणी चक्क उलटं, खांबाकडे वाहतं. दमलेला कयाकवाला तिथे होडी घालून विसावा घेतो.

सगळ्यात जास्त तो घाबरतो ते बंधाऱ्याच्या पायथ्याला. मुलांनो, हे नीट वाचा. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी तळाशी जातं आणि वर येऊन पुन्हा भिंतीकडे फिरतं. पावसाळ्यात एखादा ओंडका बंधाऱ्याखाली तासन् तास एकाच जागी गोल गोल फिरताना तुम्ही पाहिला असेल. त्याला कुणी धरलेलं नसतं; पाणीच त्याला बाहेर जाऊ देत नाही. माणसाचंही तसंच होतं, मग तो कितीही पट्टीचा पोहणारा असो. वरून बघितलं तर बंधारा चार-पाच फुटांचा, धार पांढरीशुभ्र, फोटो काढावासा वाटणारी. म्हणूनच तो जास्त फसवा. गावाकडच्या कोल्हापुरी बंधाऱ्यावरून उड्या मारणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि माझ्या पोटात गोळा आला आहे.

पुण्यात नदीवर होड्या चालतात त्याचं गुपितही बंधाऱ्यातच आहे, पण बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला. बंडगार्डनच्या बंधाऱ्यामुळे मुळा-मुठेचं पाणी अडून राहतं. संगमाजवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासूनचा. तिथली मुलं कयाकसुद्धा चालवतात. आपल्या विष्णुपुरीलाही अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि पाणी तर पुण्यापेक्षा रुंद! हिवाळ्यात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ते शांतही असतं. मला विचाराल तर चांगले शिक्षक, प्रत्येकाला जॅकेट आणि दारांच्या कचेरीशी रोजचा संपर्क, एवढं असेल तर तिथे कयाक शिकवता येईल. उन्हाळ्यात मात्र नको. तेव्हा ते पाणी पिण्यासाठी राखून ठेवलेलं असतं, आणि तहान खेळाच्या आधी.

शहरातल्या घाटांपाशी अडचण निराळीच आहे. तिथे नाले नदीत येतात, जलपर्णी माजते. कयाकमध्ये बसलेल्या माणसाचं तोंड पाण्यापासून हात-दीड हात. उडालेलं पाणी नाकातोंडात जाणारच. म्हणजे कयाकवाल्याला हवी तशी नदी आणि आपल्याला हवी तशी नदी काही वेगळी नाही.

काही जण म्हणतील, दुष्काळी भागातल्या पोरांना होड्या कशाला? त्यांना दत्तू भोकनळचं नाव सांगा. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्याचं गाव. पाण्यासाठी विहिरी खोदायचं काम त्यानं वडिलांबरोबर केलं. २०१२ साली सैन्यात गेला आणि पुण्यात रोइंग शिकला. सुरुवातीला त्याला पाण्याची भीती वाटायची! २०१६ च्या एप्रिलमध्ये, लातूरला पाण्याची गाडी येत होती त्याच महिन्यात, दक्षिण कोरियात तो ऑलिम्पिकसाठी पात्र ठरला. रिओ ऑलिम्पिकमध्ये तो तेरावा आला, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत त्याच्या चौघांच्या होडीनं सुवर्णपदक मिळवलं. कयाकमधलं नाव हवं असेल तर मध्य प्रदेशची प्राची यादव आहे. पायांत अधूपण असूनही भोपाळच्या तलावावर ती शिकली आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत तिनं कयाकचं सुवर्णपदक जिंकलं.

पण मला सर्वांत जास्त आठवतात ती भिव धानोऱ्याची मुलं. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, गंगापूर तालुक्यात हे गाव आहे. जायकवाडीचं फुगलेलं पाणी वस्ती आणि शाळा यांच्या मध्ये आलं. २०२३ साली वर्तमानपत्रांत फोटो आले: मुलं थर्माकोलच्या तुकड्यावर बसून, हातात वल्ह्यासारखं काहीतरी धरून, दप्तर सांभाळत पाणी ओलांडत आहेत. पाण्यात साप असत, तेही हाकलायचे! उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्या बातमीची स्वतःहून दखल घेतली. कुणी छंद म्हणून कयाक चालवतो, त्याला जॅकेट असतं, शिट्टी असते, काठावर दोर घेऊन माणूस उभा असतो. आणि शाळेला निघालेल्या या लेकरांपाशी काय होतं? थर्माकोल. तो मोडतो, त्याला सुकाणू नसतं, वाऱ्यानं तो कुठेही जातो. तुमच्यापैकी कुणी ओढ्यात किंवा तळ्यात थर्माकोलची, केळीच्या खांबांची नाहीतर ट्यूबची होडी करत असेल, तर आजच घरी सांगा आणि ती बंद करा. कुणी बुडताना दिसलं तर मागे उडी घ्यायची नाही. आरडाओरडा करून मोठ्यांना बोलवायचं; काठावरूनच दोर, साडी, लांब काठी नाहीतर झाकण लावलेला रिकामा कॅन फेकायचा.

नदी वाचायला मात्र आजपासून शिकता येईल. एक वही करा. दिवाळीनंतर आई-बाबांबरोबर घाटावर जा. सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहून कोरड्या पायऱ्या मोजा आणि तारखेपुढे आकडा लिहा. दर रविवारी हेच. पायऱ्या कमी-जास्त झाल्या की त्या आठवड्यातला पेपर काढा आणि विष्णुपुरीची किती दारं उघडली होती, वर येलदरी-सिद्धेश्वरला काय चाललं होतं, ते शोधा. लातूरची मुलं पुलावरून खांबाची ओली खूण बघून मांजरेची वही करू शकतील. पावसाळ्यात मात्र घाटावर जायचं नाही. जून ते ऑक्टोबर वही घरीच ठेवायची आणि पेपरातले क्युसेकचे आकडे तिच्यात उतरवायचे. एका आकड्यात जलदूतच्या किती गाड्या बसतात, तो हिशोब शेजारच्या रकान्यात.